डिफेक्ट आधी दाखवायचा

वनमाला,

रडणं मागाहून करू. आधी बातमी ऐक, नाहीतर माझं पोट फुटेल. काल माझ्या नातीचं, प्राचीचं लग्न लागलं, आणि तुझ्यामाझ्या भांडणाचा निकालही लागला. कोण जिंकलं ते शेवटी सांगते. आत्ताच सांगितलं तर तू पुढचं ऐकायची नाहीस. गिऱ्हाईक एकदा हो म्हणालं की त्याचं पुढचं बोलणं तू कधी ऐकलंस?

तुला जाऊन अजून महिना झाला नाही. लोक माझ्याशी हळू आवाजात बोलतात, जशी काही मीच आजारी आहे. तुझ्या भाच्यानं दुकानाची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, मावशी, आता तुमीच पाहा. मी पाहते आहे. देवळीच्या बसस्टँडमागं, पिठाच्या गिरणीला लागून आपलं दुकान तसंच आहे. गिरणीचं पीठ उडून कपाटावर बसतं तेही तसंच. पांढऱ्या साड्यांचा धंदा आहे म्हणून निभलं, असं तू म्हणायचीस. पांढऱ्यावर पीठ दिसत नाही. बाकी सगळं दिसतं.

बोर्डही तोच. ‘येथे डिफेक्टिव पांढऱ्या साड्या मिळतील.’ पेंटरनं तुला तीनतीनदा विचारलं होतं, बाई, खरंच असं लिहू का. मी तर त्या दिवशी तुझ्याशी बोललेच नव्हते. मला दुकानाचं नाव ‘व्हाइट पॅलेस’ ठेवायचं होतं. पत्र्याचं शटर, आत एक बाकडं, आणि नाव व्हाइट पॅलेस! तेव्हाची मी अशी होते, बाई. आज समोर आली तर मीच तिला एक चापट मारेन आणि मग चहा पाजेन.

आपली ओळख कशी झाली ते प्राचीच्या मैत्रिणींना परवा हळदीच्या संध्याकाळी सांगितलं, तर पोरी हसून हसून आडव्या झाल्या. तुलाही पुन्हा सांगते. तुला ती गोष्ट माझ्या तोंडून ऐकायला आवडायची, कारण तीत माझी फजिती आहे.

मी नवी नवी लग्न होऊन देवळीला आले होते. नवरा पंचायत समितीत कारकून, मी वर्ध्याची, मॅट्रिक पास. दुसऱ्या खेपेला पास, पण ते कोणाला सांगत नव्हते. पायात उंच टाचा, डोळ्यांवर नवऱ्याचा काळा गॉगल. जयंतीच्या मिरवणुकीला पांढरी साडी हवी म्हणून तुझ्या दुकानात आले. तेव्हा दुकान म्हणजे तुझ्या भावाच्या घराचा ओटा होता. नागपूरहून मिलचा काढून टाकलेला माल यायचा, तू तो उजेडात पसरून त्यातली खोट शोधायचीस. कुठं धागा तुटलेला, कुठं डाग, कुठं किनार सरकलेली. जिथं खोट, तिथं लाल दोऱ्याची बारीकशी गाठ मारायचीस, दोन्ही टोकं लोंबती ठेवायचीस. गिऱ्हाईक आलं की आधी दोरा दाखवायचा, मग साडी, मग भाव. घरी नेल्यावर त्यानं दोरा कापून टाकायचा. देवळीतल्या पोरासोरांना हे माहीत होतं. मला नव्हतं. तू पदर माझ्या पुढ्यात धरून काहीतरी सांगत होतीस आणि मी तुझ्या ओट्यावरच्या आरशात गॉगल नीट करत होते.

दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत मी सगळ्यांत पुढं. मागच्या बाया खुसुखुसु हसतात, मला वाटलं जळतात. निळ्या झेंड्यांखालून अख्खं गाव फिरले, आणि माझ्या पाठीवर पदराला लाल दोरा लटकतोय, जसा दुकानातल्या भांड्याला चिठ्ठीचा दोरा असतो. घरी आल्यावर सासूनं तो दोन बोटांत धरला आणि विचारलं, सूनबाई, ही तुमच्या वर्ध्याची फॅशन होय काय?

सकाळी मी तुझ्याशी भांडायला आले. तुम्ही मला डिफेक्टिव माल दिला, म्हटलं. इंग्रजी शब्द मुद्दाम वापरला, तुला घाबरवायला. तू घाबरली नाहीस. तू तो शब्द तोंडात घोळवून पाहिलास, लिमलेटच्या गोळीसारखा, आणि म्हणालीस, ‘मी तं दाखवला होता, मॅडम. तुमचं ध्यान आरशात होतं.’

त्या दिवसापासून मी ‘मॅडम’. पार दवाखान्यापर्यंत मॅडम. पुढच्या हंगामात मी तुझ्या ओट्यावर बसून दोरे बांधायला लागले. का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. घरी सांगितलं की वेळ जात नाही. खरं म्हणजे तुझ्याशी भांडल्याशिवाय दिवस गेल्यासारखा वाटेना.

मग तो लाल दोरा निळा कसा झाला ते आठवतं का? विहार समितीचे भाऊराव साड्या घ्यायला आले, प्रत्येक साडीला लाल दोरा पाहून त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, बाई, आपण गंडेदोरे सोडले न? मंग दुकानात हे काय लटकवून राह्यल्या? तू शांतपणे म्हणालीस, हा गंडा नाई भाऊ, डिफेक्ट आहे. भाऊराव बिचारे घोटाळले. डिफेक्टला त्यांचा विरोध नव्हता. रंगाला होता. दुसऱ्या दिवशी तू निळं रीळ आणलंस आणि भाऊरावांनाच पहिली साडी विकलीस.

एका शब्दाची तू किती कामं करून घेतलीस गं. मी तो इंग्रजीत शिकले होते, पण राबवला तू. विजेचं मीटर पळायला लागलं, बिल अंदाजानं आलं, की मीटर डिफेक्टिव. सोयाबीन उगवलं नाही, तर बी डिफेक्टिव. आभाळ भरून यायचं आणि देवळीला टाळून आर्वीकडं जायचं, की ढग डिफेक्टिव. राशनच्या दुकानात ती अंगठ्याची मशीन आली. कापूस वेचून, दोरे ओढून तुझ्या बोटांवरच्या रेघा पुसल्या होत्या. मशीन टूंटूं करायची, पोरगा म्हणायचा, आजी, तुमचा अंगठा डिफेक्टिव दाखवते. तू अंगठा त्याच्या नाकापुढं धरलास, आणि त्याला सांगितलंस की हा अंगठा तुझ्या बापाच्या जन्माआधीपासून चालू आहे, तुझी मशीन कालची. रांगेतल्या बाया टाळ्या वाजवायला लागल्या. आणि माझ्या हाताच्या भाकरीला तर तू रोज म्हणायचीस. खायचीस मात्र दोन.

पण माणसाला तो शब्द तू कधी लावला नाहीस. चिडलीस तरी नाही. मेल्या म्हणायचीस, गधड्या म्हणायचीस, डिफेक्टिव नाही. का, ते मला फार उशिरा कळलं. एका दुपारी आपण खिडकीशी साडी ताणून धरली होती, तू त्या टोकाला, मी ह्या टोकाला, आणि खोट काही सापडत नव्हती. साडीतून डोळे न काढता तू सांगायला लागलीस. तुझं सासर आर्वीकडचं, एवढंच मला माहीत होतं. लेकरू होत नाही म्हणून तुला दवाखान्यात नेलं, डॉक्टरनं कागद पाहून हा शब्द वापरला, आणि सासऱ्यानं तो लगेच उचलला. तुला बैलगाडीत घालून भावाकडं आणून सोडलं. ओट्यावर उभं राहून सासरा तुझ्या भावाला म्हणाला, डिफेक्ट होता तं आधी दाखवला काऊन नाई?

‘मले तरी कुठं मालूम होतं वं,’ तू म्हणालीस. मग लगेच, ‘हा पाह्य. सापडला. दोरा दे.’

मी दोरा दिला. म्हणजे मी मॅट्रिक पास होऊन जो शब्द तुझ्या तोंडावर फेकायला आले होते, तो तुझ्या ओळखीचाच होता. तू त्याला आधीच पाटावर बसवून, निवडून, घडी घालून विकायला काढलं होतंस.

आता भांडणाकडं येते.

प्राचीचं जमलं त्या आठवड्यात मी आणि माझी सून रेखा दुकानात आलो होतो. रेखाच्या फोनवर नागपूरच्या दुकानातल्या लग्नाच्या साडीचा फोटो होता. तू फोटो पाहिलासच नाही. वाकलीस, खालच्या कप्प्यातून एक पुडकं काढलंस. पांढरी रेशमी, निळी बारीक किनार, हातात घेतली की पाण्यासारखी निसटणारी. पदरावर एके ठिकाणी बोटभर जरीची तार तुटलेली, आणि तिथं निळा दोरा बांधून तयार. प्राचीसाठी ठेवली, म्हणालीस. लग्न हिच्यात लावायचं.

रेखानं माझ्याकडं पाहिलं. तिच्या मनातलं मीच बोलले. म्हटलं, वनमाला, इतर वेळी ठीक आहे, लग्नात नको. तू म्हणालीस, काऊन नको? तेव्हा माझा आवाज चढला. माझ्या आईनं उभ्या जन्मात नवं लुगडं अंगाला लावलं नाही. पाटलाच्या घरचं उतरलेलं मिळायचं, ते ती शिवून शिवून नेसायची. लहानपणी मला वाटायचं, ठिगळाशिवाय लुगडं विणतच नाहीत. आपण दोघींनी जन्मभर खोट असलेल्याच साड्या विकल्या. एकदा तरी माझ्या घरात, माझ्या नातीच्या अंगावर, जिच्यात कोणाला काही दाखवता येणार नाही अशी साडी असू दे. एवढं सगळं मी एका दमात बोलले.

तू पुडक्याची घडी नीट करत राहिलीस. मग म्हणालीस, ‘उतरलेलं आन् डिफेक्टिव एकच होय काय वं मॅडम? उतरलेलं दुसऱ्याच्या आंगावरचं. हे कोणाच्याच आंगाले लागलं नाई. नवंच आहे. माग जरासा चुकला, येवढंच.’

भांडणात हरायला आले की मी काय करते ते तुला माहीत आहे. मी पुरे म्हटलं आणि चहा अर्धा टाकून निघाले. बाहेर येऊन गिरणीपाशी थांबलेही, तू हाक मारशील म्हणून. तू मारली नाहीस. तू तिथं आत, मी इथं बाहेर, दोघी हट्टी, आणि मधे गिरणीची घरघर.

त्यानंतर तुला धाप लागायला लागली. वर्ध्याच्या दवाखान्यात त्या तरुण डॉक्टरनं पडद्यावर तुझं काळीज दाखवलं. जन्मापासूनच असावं, म्हणाला, तुमचा एक वॉल्व्ह डिफेक्टिव आहे. बोलून बिचारा थांबला, कारण आपण दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि आपल्याला हसू आवरेना. तुला हसताना धाप लागत होती तरी तू बोललीसच: ‘मंग दोरा बांधून ठेवा, डॉक्टरसाहेब. फाडू नका.’

त्यांनी फाडलं नाही. वय झालंय, गोळ्यांवर पाहू, म्हणाले. एका दुपारी मी उशाशी बसले होते, तू डोळे मिटूनच ‘साडीचं’ असं म्हणालीस. मी तुला बोलू दिलं नाही. आधी बरी हो, मग भांडू, म्हटलं. तू एक डोळा उघडून माझ्याकडं पाहिलंस. तो डोळा अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्यात राग नव्हता, तुझी ती नेहमीची खोडी होती. तू मला भांडणात अर्ध्यावर ठेवून गेलीस, वनमाला. ह्याच्याइतका लबाडपणा कोणी केला नसेल.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विहार भरून गेला होता. बाया कुठून कुठून आल्या होत्या, पार रोहण्याहून एसटीनं. आपल्याकडून साड्या नेणाऱ्या आश्रमातल्या दोघीतिघी आल्या. सगळ्या पांढऱ्या साड्यांत. माझे गुडघे दुखतात म्हणून मी मागं भिंतीला टेकून बसले होते. भन्तेजी बोलत होते, मी मान खाली घालून बसले होते, आणि मान वर केली तर समोर नुसत्या पाठी. पांढऱ्या पाठींची रांग, तिच्यापुढं दुसरी, तिच्यापुढं तिसरी. आणि वनमाला, दोरे! एकीच्या खांद्यावर, एकीच्या कमरेपाशी, एकीचा पार पदराच्या टोकाला. निळे. काही धुऊन धुऊन आभाळासारखे फिके झालेले. कापलेच नव्हते मेल्यांनी! इतकी वर्षं आपण पुढून साड्या विकल्या, मागून कधी पाहिलंच नाही.

मला हसू फुटलं. भर विहारात, तुझ्या फोटोसमोर. पदर तोंडात कोंबला, तरी खांदे हलायला लागले. शेजारच्या बाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला, धीर धरा म्हणाली. मी जितकं हसू दाबावं तितकी ती पाठ चोळत होती. आणि मग कधीतरी ते हसणं रडण्यात शिरलं. तिचा हात फुकट गेला नाही.

जेवणाच्या वेळी रोहण्याच्या दुर्गाबाईला गाठलं. विचारलं, का हो, दोरा कापला काऊन नाही? मला वाटलं, तुझी आठवण वगैरे म्हणेल, माझे डोळे तयारच होते. ती वरण कालवत म्हणाली, घरात चार बायाच्या चार पांढऱ्या साड्या, वाळू घातल्या का कोणाची कोणती समजत नाई. दोरा असला का आपली ओळखू येते. हरवत नाई.

तुला हे उत्तर फार आवडलं असतं.

लग्नाच्या दोन दिवस आधी नागपूरची साडी घरी आली. रेखानं मोठ्या हौसेनं उघडली. मी ती उचलली आणि सवयीनं खिडकीशी नेली. रेखा म्हणाली, आई, ती फ्रेश आहे, बिनखोटीची. मी म्हटलं, हो गं, नुसती बघते. चष्मा पुसला, पदर ताणला, किनार बोटांतून ओढली, उलटी केली, सुलटी केली. दुपार गेली. खोट नाही. एकही नाही. मला काय वाटायला हवं होतं, सांग? जन्मभर हेच मागितलं होतं ना मी? आणि मी तिथं हातात दोरा घेऊन बसलेले, आणि दोरा बांधायला जागा नाही. इतकी हिरमुसले, की रेखानं विचारलं, काही निघालं का?

साडी सुंदर होती, खोटं कशाला बोलू. पण ती कोणीही कोणालाही विकली असती. तुझं पुडकं मी आधीच घरी आणून कपाटात ठेवलं होतं. का आणलं ते रेखाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

संध्याकाळी प्राचीनं दोन्ही साड्या पलंगावर पसरल्या. पोरगी हुशार, दवाखान्यात नर्स आहे, सगळ्यांची नाडी ओळखते. म्हणाली, आजी, तू सांगशील ती. मला दोन्ही आवडतात. रेखा माझ्याकडं पाहत होती. तिला वाटत होतं की मी तिच्या बाजूची आहे; दुकानात सगळ्यांत मोठ्यानं मीच बोलले होते.

मी तुझी साडी उचलली. रेखाचा चेहरा पडला. ती हळूच म्हणाली, आई, तुम्हीच तर म्हणाला होता, उतरलेलं नको.

‘उतरलेली नाही रेखा,’ मी म्हटलं. ‘कोणाच्याच अंगाला लागलेली नाही. नवीच आहे. माग जरासा चुकला, एवढंच.’

ऐकलंस? तुझेच शब्द, माझ्या तोंडून. बोलून झाल्यावर मीच दचकले. रेखानं साडी गालाला लावून पाहिली. मऊ आहे, म्हणाली. नागपूरची संध्याकाळच्या स्वागताला नेसायचं ठरलं. रेखा कपाटातून कात्री घेऊन आली, निदान तेवढा दोरा तरी कापा म्हणाली. मी कात्री घेतली. दोराही बोटांत धरला. ती गाठ तू दोन पदरी मारतेस ना, घट्ट, तशीच होती. तुझ्या हातची शेवटची गाठ असेल कदाचित, नसेलही. मी कात्री उशीखाली ठेवली आणि म्हटलं, राहू दे, हरवायची नाही.

काल हॉलमध्ये मी दुसऱ्या रांगेत होते. शेजारच्या खुर्चीवर माझी पिशवी ठेवली होती. दोघीतिघींनी विचारलं, इथं कोणी आहे का. मी हो म्हटलं. प्राची पुढं उभी, आमच्याकडं पाठ, आणि पाठीवर निळा दोरा डुलतोय. मला माझी ती मिरवणूक आठवली, उंच टाचा, गॉगल, मागून येणारं हसू. ती बया अख्खं गाव फिरली आणि तिला पत्ता नव्हता. ह्या पोरीला पत्ता होता. तिनं आरशात मागं वळून वळून पाहिलं होतं की दोरा नीट दिसतो ना.

नवऱ्या मुलाची आत्या माझ्या मागं बसली होती, आर्वीकडची. मला माहीतच होतं की कोणीतरी विचारणार. ती पुढं वाकून माझ्या कानाशी आली. म्हणाली, नवरीच्या पदराले दोरा लटकून राह्यला वो माय, कोणी सांगा तिले.

आर्वीकडची. तुझ्या भावाचा ओटा डोळ्यांपुढं आला. मग मी वळले, तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हटलं, ‘असू द्या. तिथं जरीची तार तुटली आहे. आमी आधी दाखवतो.’

ती माझ्याकडं पाहत राहिली. मग हसली, पार दात दिसेपर्यंत. ‘देवळीची साडी होय का?’ म्हणाली. ‘आमच्याकडंही आहेत दोन.’

मी पटकन शेजारच्या खुर्चीकडं वळले, तुला कोपरानं ढोसायला. कोपर पिशवीला लागलं.

तर निकाल हा. तू जिंकलीस. हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नसतं, तू वर्षभर मला जगू दिलं नसतंस. आता म्हणते. तू जिंकलीस, आणि पहिल्या दिवसापासून जिंकत होतीस, माझंच ध्यान आरशात होतं.

आज सकाळी दुकान उघडलं. नागपूरचा गठ्ठा येऊन पडलाय. साडी एकटीनं ताणता येत नाही म्हणून एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं आहे. गज वाद घालत नाही, फार कंटाळवाणा आहे. पहिलीच साडी उघडली आणि मधोमध एवढा मोठा डाग, कोणालाही लांबून दिसेल असा. मी मोठ्यानं म्हटलं, हा पाह्य, सापडला.

आणि दोऱ्यासाठी हात पुढं केला.